आवडलं नाही, हे सांगायचं कसं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या बावन्न वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र. वाचनाचं वेड लहानपणापासूनचं. नोकरी सुटल्यापासून महिन्याला पाच-सहा पुस्तकं सहज होतात. त्यात कसलाही विधिनिषेध नाही: ऐतिहासिक कादंबरी, रहस्यकथा, आत्मकथनं, विज्ञानकथा, कविता, अनुवाद, हाताला लागेल ते. गावच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचक कट्टा भरतो आणि महिन्याभरात काय वाचलं ते प्रत्येकाने तिथे सांगायचं असतं. अलीकडे एका गाजलेल्या ऐतिहासिक कादंबरीबद्दल ‘मला ती भाषणबाज वाटली’ असं त्या बोलल्या, तर ‘आमच्या दैवताबद्दल असं बोलायचा तुम्हाला अधिकार काय?’ असं दोघातिघांनी सुनावलं. महाविद्यालयात मराठी शिकवणारे धाकटे दीर म्हणाले, ‘वहिनी, जो अर्नाळकरांच्या रहस्यकथाही वाचतो आणि मर्ढेकरांच्या कविताही, त्याला दोघांतलं काहीच धड कळत नाही.’ त्यातच शाळेपासूनच्या मैत्रिणीने पदरचे पैसे घालून आत्मकथन छापलं. प्रकाशनाच्या दिवशी ताईंनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं, पण मनातून ते पुस्तक आवडलं नव्हतं. आता मैत्रीण विचारते आहे, ‘खरं सांग, कसं वाटलं?’ ताईंचे प्रश्न असे: मत सांगणं बंद करू का? एकाच प्रकारचं, ‘गंभीर’ वाचायला लागू का? मैत्रिणीला काय सांगू? आणि वाचलेलं महिन्याभरात विसरायला होतं, तर या वाचनाला अर्थ तरी काय?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात ‘मी काही समीक्षक नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. प्रत्येक पुस्तकाबद्दल काही बोलण्याआधी तुम्ही ते वाक्य पुढे करता, जणू परवाना नसताना गाडी चालवल्याबद्दल आधीच माफी मागता आहात. मला वाटतं, सगळ्या गुंत्याचं मूळ इथेच आहे. पुस्तकाबद्दलचं मत म्हणजे निकाल, आणि निकाल द्यायचा तर पदवी हवी, असं तुम्ही धरून चालला आहात. कट्ट्यावर तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला निकाल नकोच असतो हो. त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की हे पुस्तक घरी न्यावं का, आणि नेलं तर काय अपेक्षा ठेवून उघडावं. ज्याने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मन लावून वाचलं आहे, तो या प्रश्नाचं उत्तर द्यायला पूर्ण लायक असतो.

दिरांचं वाक्य तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं, म्हणून आधी त्याच्याकडे वळते. त्यामागची समजूत अशी की वाचनात वरचा-खालचा मजला असतो. माणसाने रहस्यकथेवरून निघून कवितेपर्यंत चढत जावं आणि वर पोचल्यावर खाली पाहू नये. मला हे अजिबात पटत नाही. सगळं वाचणाऱ्याच्या हाताला काय लागतं, ते एका उदाहरणातून सांगते.

१९६७ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण आपापल्या तोंडाने बोलतात. कर्ण स्वतःच आपली हकिकत सांगत असल्यामुळे त्याच्या कुळाची चौकशी होते तेव्हा खाली मान आपलीच जाते. कादंबरी वाचून झाल्यावर कितीतरी जणांच्या मनात कर्ण कायमचा घर करून बसला आहे. ‘युगान्त’ची चाल वेगळी. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. अनेक हस्तलिखितं ताडून भांडारकर संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून, नाती, वारसा, क्षत्रियांचे संकेत पाहत त्या महाभारतातल्या माणसांना तपासतात. कर्णाचीही त्यातून सुटका नाही. मग आपण मूळ सभापर्वाकडे वळतो आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे, हे वाचताना कादंबरीतला कर्ण डोळ्यांसमोर ठेवणं जड जातं. यात भर म्हणून भैरप्पांची ‘पर्व’ उमा कुलकर्णींच्या अनुवादातून वाचली, तर दैवी चमत्कार वजा केलेलं, थकलेल्या माणसांचं महाभारत समोर येतं.

फक्त कादंबऱ्या वाचणाऱ्याला यातला एक कर्ण मिळाला, फक्त वैचारिक वाचणाऱ्याला दुसरा. तुमच्याकडे तिन्ही पुस्तकं आहेत आणि त्यांचं आपसातलं भांडणही आहे. मला तर तुमच्या वाचनातला हा सगळ्यात श्रीमंत भाग वाटतो. कट्ट्यावर एखाद्या रविवारी हे तीन कर्ण शेजारी शेजारी मांडून बघा. दिरांनाही बोलवा. त्यांना सांगण्यासारखं खूप असेल आणि तुम्हालाही.

तरीही त्यांच्या बोलण्यातला एक कण बाजूला काढून ठेवण्यासारखा आहे. तुमच्या पत्रातली काही मतं मी पुन्हा वाचली. एका विज्ञानकथासंग्रहाला तुम्ही ‘पात्रं कचकड्याची’ म्हणून बाजूला केलं आहे. एका रहस्यकथेबद्दल ‘त्यात जीवनदर्शन नाही’ असं लिहिलं आहे. एका कवितासंग्रहापुढे फक्त ‘काही कळलं नाही’. ही मतं खोटी नाहीत, पण प्रत्येक ठिकाणी तुम्ही सामाजिक कादंबरीला विचारायचे प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारले आहेत. निरनिराळ्या प्रकारची पुस्तकं वाचायची तर प्रश्नही निरनिराळे जवळ हवेत.

रहस्यकथेला मी पहिला प्रश्न विचारते तो सचोटीचा. गुन्हेगार कळल्यावर मागची पानं पुन्हा चाळायची. त्याच्याकडे बोट दाखवणारी खूण लेखकाने आपल्यासमोर ठेवली होती का? ती दिसूनही आपण तिच्याकडे दुर्लक्ष केलं असेल तर लेखकाला शाबासकी. शेवटच्या प्रकरणात अचानक एखादा जुळा भाऊ उगवला असेल तर आपली फसवणूक झाली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी एका अख्ख्या पिढीला पुस्तक हातात धरायची सवय लावली. तिथे जीवनदर्शन शोधण्यापेक्षा वेग कुठे मोडला, ते पाहावं. भयकथेचंही जवळपास असंच. नारायण धारपांची कथा वाचताना बघा, भीती सुरू होण्याआधीचं घर, जिना, रोजचं बोलणं त्यांनी किती खरं उभं केलंय. तिथे पाया कच्चा राहिला की पुढे कितीही किंकाळ्या घाला, अंगावर काटा येत नाही.

विज्ञानकथेला विचारायचा प्रश्न: यातलं विज्ञान काढून घेतलं तर गोष्ट उभी राहते का? राहिली, तर विज्ञान नुसतं सजावटीला होतं. कोसळली, तर ते कथेच्या हाडात होतं. ही परीक्षा पास झालेल्या कथेतली पात्रं थोडी पातळ असली तरी मी माफ करते. तुम्ही करायलाच हवं असं नाही, पण माफ करता येतं हे माहीत असावं.

कवितेच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे. तुम्ही लिहिलंय की एका दुपारी संग्रह ‘संपवला’. ताई, ऐंशी कविता एका बैठकीत वाचल्या तर कुणालाच काही कळणार नाही, दिरांनाही नाही. वाचनालय पुस्तक पंधरा दिवस देतं ना? मग रोज चार-पाच कविता, आणि मोठ्याने. बहिणाबाईंची गाणी आठवा. त्या लिहीत नव्हत्या, त्यांना लिहिता येतच नव्हतं. जात्यावर, शेतात, घरकाम करता करता त्या म्हणत आणि घरच्यांनी ती उतरवून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने गाणी पुस्तकरूपाने आली. तोंडाने जन्मलेल्या या ओळी नुसत्या डोळ्यांनी वाचल्या तर अर्धं पुस्तक कपाटातच राहतं. खानदेशी शब्द अडला तरी ताल अडत नाही, आणि ताल धरला की बऱ्याचदा शब्दही उलगडतो. मर्ढेकरांचंही मोठ्याने वाचून बघा. १९४७ च्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांच्याच पुढच्या पिढ्या आज त्यांच्या कविता पाठ्यपुस्तकात शिकतात. तेव्हा एखाद्या संग्रहापुढे ‘आज कळलं नाही’ असं लिहा आणि तारीख घाला. ते अगदी प्रतिष्ठेचं मत आहे.

अनुवाद वाचताना दोन गोष्टी टिपून ठेवत जा: अनुवादकाचं नाव, आणि पुस्तक थेट मूळ भाषेतून आलंय की मधे इंग्रजीची पायरी आहे ते. पुष्कळदा ‘लेखकाची भाषा अवघडलेली’ असं आपण म्हणतो तेव्हा दोष लेखकाचा नसतोच. आणि काही पुस्तकं कुठल्याच खणात बसत नाहीत, ती तशीच राहू द्यावीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांची झुंज आहे. ते निसर्गनिरीक्षण समजून वाचलं तरी चालतं आणि कादंबरी समजून वाचलं तरी. कट्ट्यावर ‘हे कशात मोडतं?’ असा वाद निघाला तर तो पाच मिनिटांत गुंडाळून वानरांबद्दल बोला.

आता त्या ऐतिहासिक कादंबरीकडे येते. तुमच्यावर जे धावून आले त्यांच्या मनात काय झालं ते समजून घेऊ. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी आणि त्यातली ऐतिहासिक व्यक्ती यांचं मनात पार एकजीव मिश्रण होतं. लहानपणी वाचलेली कादंबरी हाच अनेकांसाठी इतिहास असतो. तुम्ही म्हणालात ‘भाषणबाज’, ते लेखकाच्या संवादांबद्दल. त्यांनी ऐकलं, महापुरुष भाषणबाज. त्यांचा राग चुकीच्या पत्त्यावर गेला खरा, पण तो प्रेमातून आलेला आहे आणि त्याचा मान ठेवायला हरकत नाही.

पुढच्या वेळी बोलण्याचा क्रम बदला. आधी त्या व्यक्तीबद्दल तुम्हाला जे वाटतं ते मोकळेपणाने सांगा, आदर असेल तर तो आदर. मग म्हणा, ‘लेखकाने त्यांना ज्या प्रकारे बोलतं केलंय, ते मला कमी वाटलं.’ आणि लगेच पुस्तक उघडून एक जागा वाचून दाखवा. माझा सगळ्यात जास्त भर या शेवटच्या गोष्टीवर आहे. ‘भाषणबाज’ हा शब्द हवेत सोडला की त्याच्यावर दगड पडतात. तोच घरातला संवाद वाचून दाखवलात, नवरा-बायको दोघंच आहेत आणि तरी दोघं सभेत उभं असल्यासारखी बोलताहेत हे ऐकवलंत, तर न पटणारासुद्धा निदान त्या ओळींबद्दल बोलतो. कदाचित तो म्हणेल, ‘त्या काळी असंच बोलत असतील.’ मग चर्चेला खरा विषय मिळाला! त्या काळी माणसं कशी बोलत, हे कळणार कुठून?

त्यासाठी कादंबरीच्या जोडीला त्याच काळातलं एखादं खरं पुस्तक घरी आणत जा. १८५७ वरची कादंबरी वाचत असाल तर शेजारी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ठेवा. वरसईचे हे भिक्षुक. घरात कर्ज, म्हणून ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असल्याचं कळल्यावर दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. लूट, कत्तल, पळापळ, पोटातली भूक हे सगळं त्यांनी पाहिलं, भोगलं. आणि हा माणूस परतताना आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड घेऊन येतो. त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात कुणी भाषण करत नाही. हे वाचून झाल्यावर ‘मला कादंबरीतले संवाद खटकले’ असं तुम्ही म्हणालात, तर कशाशी ताडून खटकले ते सांगता येईल.

पण पुस्तक गाजलेलं असलं की खरंच काय आवडलं आणि कशाच्या दबावाखाली आवडलं, हे आपल्यालाच कळेनासं होतं. यावर मला जयंत नारळीकरांची गोष्ट फार मोलाची वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती टोपणनावाने. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं. हस्ताक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नीकडून कथा लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तोवर जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ, पण त्यांना कथेचं मोल नावाशिवाय जोखून हवं होतं.

वाचक म्हणून आपणही हे करू शकतो. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घाला. मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना पुस्तक संपेपर्यंत वाचू नका. पुरस्कार, आवृत्त्यांचे आकडे, ‘प्रत्येकाने वाचलंच पाहिजे’ असले शिक्के, सगळं कव्हराखाली. मग पन्नास पानांवर थांबून स्वतःला विचारा: हे एखाद्या नवख्या माणसाने लिहिलेलं असतं तर मी पुढे वाचलं असतं का? या प्रश्नाने दोन्हीकडून फायदा होतो. नावाजलेल्याचा दबाव उतरतो आणि नवख्याला न्याय मिळतो. तालुक्याच्या गावी बसून लिहिणाऱ्या कितीतरी जणांची पुस्तकं केवळ नाव अनोळखी म्हणून वाचनालयाच्या कपाटात करकरीत राहतात.

आणि दोन परस्परविरोधी गोष्टी आवडल्या म्हणून संकोचू नका. ‘कलेसाठी कला’ म्हणणारे कादंबरीकार ना. सी. फडके आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणारे वि. स. खांडेकर यांचा वाद वर्षानुवर्षं चालला. घराघरांतल्या वाचकांनी मात्र दोघांच्याही कादंबऱ्यांसाठी वाचनालयात नंबर लावले.

आता विसरण्याबद्दल. मुळात सगळं आठवलं पाहिजे ही अट कुणी घातली? नोकरीत तुम्हाला खातेनंबर लक्षात ठेवायची सवय होती, पुस्तकाशी तसा व्यवहार नाही. तरी खंत वाटते आहे तर एक साधी वही घाला, पण पुस्तक मिटताक्षणी तिच्यात काही लिहू नका. पंधरा दिवस जाऊ द्या. तोवर कथानक बरंचसं ओसरतं, आणि जे उरतं तेच त्या पुस्तकाचं तुमच्यापुरतं खरं मत असतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून पंधरा दिवसांनी आठवतं ते काय? सोवळ्याच्या वेडापायी घरात येणारी वस्तू न् वस्तू धुवायला लावणारे वडील. आणि नवऱ्याने धर्म बदलल्यावर झालेली ताटातूट सांगतानासुद्धा खट्याळपणा न सोडणारा लक्ष्मीबाईंचा आवाज. तेवढं उतरवलं की झालं.

वहीत गोषवारा लिहू नका, तो कुठेही मिळतो. कोणत्या पानावर थांबावंसं वाटलं, कोणत्या पानावर कंटाळा आला, आणि हे पुस्तक गावातल्या कोणाला द्यावंसं वाटतं, एवढं बास. ‘कोणाला’ हा रकाना तर मुद्दाम ठेवाच. ‘एक होता कार्व्हर’ हे शेतीशास्त्रज्ञाचं चरित्र दहावीतल्या मुलाला द्यावं की शेती करणाऱ्या मेव्हण्याला, हा विचार करताना पुस्तकाबद्दलचं तुमचं मत आपोआप स्पष्ट होतं. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचीही नोंद ठेवा, का सोडलं ते लिहून. आणि तुमच्या वाचनालयात सूचना-वही असेल तर ही मतं तिच्यातही उतरवा. नसेल तर ग्रंथपालांकडे तशी वही मागा. सरकारी अनुदानातून दरवर्षी थोडीच पुस्तकं घेता येतात. ती कोणती घ्यायची हे ठरवताना ग्रंथपालांसमोर वाचणाऱ्या माणसाचा शब्द असला तर कपाटं नुसती भरत नाहीत, वाचली जातात. मत सांगणं बंद करू का, असं विचारता आहात. मला तर तुमच्या मताचा उपयोग आज होतो त्याहून कितीतरी वाढलेला हवा आहे.

राहिली मैत्रीण. इथे घाई करू नका.

आत्मकथनाबद्दल बोलताना एक अडचण कायमच असते: माणूस जगला ते बरोबर की चूक हे आपण ठरवायचं नसतं, आणि लिहिलं कसं ते तर सांगायचं असतं. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये या दोन गोष्टी किती स्वच्छ वेगळ्या केल्या आहेत पाहा. तिथे दया पवारांना दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली कहाणी सांगतो. जगलेला वेगळा, ऐकून लिहिणारा वेगळा. तुमच्या मैत्रिणीचं पुस्तक वाचतानाही हाच धागा धरा. तुमचं प्रेम, तुमचं कौतुक जगलेल्या मैत्रिणीवर आहे. प्रकाशनाच्या दिवशी तुम्ही बोललात ते तिच्याबद्दल बोललात, आणि ते खोटं नव्हतं. नवरा गेल्यावर दोन मुलं वाढवत दुकान चालवणारी बाई एवढ्या वर्षांनी लिहायला बसते, याचं कौतुक जाहीरपणे करायलाच हवं होतं. ते भाषण परत घ्यायची काहीही गरज नाही.

तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. गोड बोलून वेळ मारून नेणं, मनातलं सगळं एका दमात सांगून टाकणं, किंवा टाळत राहणं. टाळणं सगळ्यात वाईट. तिने दोनदा विचारलंय, तिसऱ्यांदा ती विचारणार नाही आणि मनात काय ते समजून घेईल. गोड बोलण्याने आजचा दिवस निभेल, पण ती उद्या दुसरं पुस्तक लिहायला घेईल आणि पुन्हा त्याच चुका पदरच्या पैशांनी छापेल. आणि एका दमात सगळं सांगणं हा खरेपणा वाटला तरी छापून झालेल्या पुस्तकाच्या बाबतीत त्याचा उपयोग काय? हस्तलिखित असतं तर मी म्हटलं असतं, प्रत्येक खटकलेली जागा दाखवा. पाचशे प्रती बांधून घरी आल्यावर शुद्धलेखनाच्या चुकांची यादी देऊन फक्त तिची झोप उडेल.

म्हणून आधी तिलाच विचारा: ‘दुसरी आवृत्ती काढायचा, किंवा पुढे आणखी काही लिहायचा विचार आहे का?’ नाही म्हणाली तर आवडलेल्या जागा सांगा, अगदी पानासकट, आणि तिथे थांबा. तुम्हीच पत्रात लिहिलंय की नवऱ्याच्या माघारी पहिल्यांदा दुकानाचं शटर उघडलं, ते वर्णन वाचून तुम्ही पुस्तक मिटून बसून राहिलात. हे तिला सांगितलंत का? ‘छान लिहिलंयस’ पन्नास जणांनी म्हटलं असेल. शटरच्या पानाबद्दल कुणीही बोललेलं नसणार.

ती हो म्हणाली, पुढे लिहायचंय असं म्हणाली, तर मग खरं बोलायलाच हवं. तुम्हाला खटकलंय ते एवढंच की मधली शंभर पानं नातेवाइकांच्या नावांनी आणि समारंभांनी भरली आहेत, आणि जिथे ती खरी हलली असेल त्या जागा चार ओळींत उरकल्या आहेत. हे वाईट पुस्तकाचं लक्षण नाही, नवं लिहिणाऱ्यांच्या हातून हमखास होणारी गोष्ट आहे. कुणी दुखावू नये म्हणून सगळ्यांची नावं घेतली जातात आणि स्वतःचं दुखणं आखडतं घेतलं जातं. तिला म्हणा, ‘शटरचं पान जसं लिहिलंस, तसं मोठ्या मुलीच्या आजारपणाचं का नाही लिहिलंस? मला ते वाचायचं होतं.’ अशी तक्रार ऐकून लिहिणारी बाई खट्टू होईल, पण पेन खाली ठेवणार नाही.

हे बोलणं कट्ट्यावर करू नका आणि फोनवरही नको. तिच्या घरी जा, दुकान बंद असेल अशा वारी, आणि जाताना तुमची स्वतःची प्रत न्या. समासात पेन्सिलीने आवडलेल्या आणि अडलेल्या, दोन्ही जागांवर खुणा करून ठेवा आणि प्रत तिच्या हातात द्या. काही जागा ती तुमच्यासमोर बघेल, काही तुम्ही गेल्यावर. चार दिवस ती बोलली नाही तरी पाठपुरावा करू नका. आणि तिने त्यातल्या एखाद्या खुणेबद्दल वाद घातला, ‘नाही, हे असंच लिहायला हवं होतं’ म्हणाली, तर तिचं ऐकून घ्या, पटलं तर तुमची खूण पुसून टाका.